आर्ट सेंटर

टाकळीच्या शाळेत खिचडी शिजवणारी कोकिळा गोड खात नाही, हे साऱ्या गावाला पाठ होतं. पोळ्याला पुरणाच्या पोळ्या वाढणाऱ्या बाया तिचं ताट ओलांडून पुढं जायच्या. बारशाला पेढ्याऐवजी तिच्या हातावर चिवड्याची पुडी पडायची. "काकूले शुगर हाये," एवढं कोणीतरी म्हणायचं आणि विषय मिटायचा. महिन्यातून एकदा ती बोरी अरबपर्यंत काळी-पिवळी जीपनं आणि तिथून एस.टी.नं यवतमाळला जायची. शुगरच्या गोळ्या आणायला जाते, असं गाव समजत होतं.

शुगर तिला नव्हतीच.

नवरा भगवानराव वर्षभर झिजत झिजत गेला, तेव्हा डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासलं होतं आणि दार लावून घेऊन तिला समोर बसवलं होतं. एच.आय.व्ही. हा शब्द तिनं तोवर फक्त भिंतीवरच्या जाहिरातीत वाचला होता. मुलगी समीक्षा तेव्हा शाळेत होती. तिचं रक्त साफ निघालं, आणि त्या एका गोष्टीवर कोकिळा उठून उभी राहिली. गोळ्या सुरू झाल्या, अंग पुन्हा भरलं, पुढं पुढं तर तपासणीत विषाणू सापडेनासा झाला. 'तुमच्या हातचं खाऊन, तुमच्या शेजारी बसून कोणालाही काही होत नाही,' हे समुपदेशक निशिगंधा मॅडमनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण हे गावाला कोण घोकवणार? शाळाभर पोरं तिच्या हातचं जेवत होती. म्हणून मग शुगर.

गोळ्या मिळायची ती खोली मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. बाहेर एक लांब बाक. त्या बाकावर बसणाऱ्यांची न बोलता ठरलेली एक रीत होती. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, आणि बाहेर कुठं गाठ पडली तर ओळख द्यायची नाही. कोकिळेच्या बाजूला बरेचदा लखीराम नावाचा माणूस असायचा. दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, कोरडवाहू शेती करणारा. स्वतःच्या आणि बायकोच्या गोळ्या तो एकदमच घेऊन जायचा. त्याचं नाव तिला कळलं तेही आतून पुकारा झाला म्हणून. तुरीवर अळी आली का, कापसाचं काय, याच्यापुढं दोघांचं बोलणं कधी गेलं नव्हतं.

मग कोरोनाचं साल आलं.

शाळा बंद झाली. खिचडीऐवजी तांदूळ आणि मूगडाळ पोरांच्या घरी वाटायची ठरली. ते मोजून द्यायचं काम कोकिळेकडं आलं, आणि वाटपाचे फोटो वर पाठवायचे म्हणून समीक्षानं आपला जुना फोन आईला दिला. त्याच दिवसांत गावात 'गावकवच' आलं. कुठल्याशा कंपनीनं तालुक्याला फुकट करून दिलेलं ते ॲप होतं. कोण कुठं गेला, कोणाच्या जवळ किती वेळ थांबला, हे फोन आपोआप टिपून ठेवणार. उद्या एखाद्याला कोरोना निघाला तर त्याच्या जवळ कोण कोण होतं, ते चटकन सापडणार. गावातल्या दक्षता समितीचं काम पिंटूकडं होतं. पिंटू सेवा केंद्र चालवायचा, पीक विम्यापासून पोरांच्या दाखल्यापर्यंत सगळे ऑनलाइन अर्ज त्याच्याच दुकानात भरले जायचे. मारुतीच्या ओट्यावर बसून त्यानं एकेकाच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं.

"हे काय इचारून राह्यलं?" कोकिळेनं पडद्याकडं बघत विचारलं होतं.

"काई नाई काकू, सगळ्याले हौ म्हणा."

तिनं सगळ्याला हौ म्हटलं.

टाळेबंदीच्या सुरुवातीला निशिगंधा मॅडमनी गोळ्या गावाजवळ पोचत्या केल्या होत्या. त्या संपत आल्या तशी पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोकिळा यवतमाळला निघाली. फोन घरी ठेवायचं तिच्या मनात आलं होतं. पण नाक्यावरचे लोक ॲपवरचा हिरवा रंग बघितल्याशिवाय पुढं सोडत नव्हते. तिनं फोन कमरेच्या पिशवीत खोवला. त्या दिवशी खोलीपाशी खूप गर्दी होती, एक डॉक्टर आजारी होते. बाकावर एक माणूस सोडून बसायचं होतं, पण दुपारपर्यंत सगळे दाटीवाटीनंच बसले. लखीराम बाजूला होता. तोंडाला गमछा बांधलेला, आणि मधूनमधून खोकत होता.

"धूळ हाये," तो म्हणाला होता.

शुक्रवारी सकाळी ती ज्वारी पाखडत बसली होती तेव्हा फोन वाजला. पलीकडं एक पोरगी होती, शहरी बोलणारी.

"ताई, तुम्ही एका पॉझिटिव्ह पेशंटच्या संपर्कात आलात. यवतमाळला कुठं बसला होतात?"

"दवाखान्यात."

"कोणत्या विभागात?"

"डोळ्याच्या."

पलीकडं जरा वेळ टिकटिक ऐकू आली. "सिस्टिमवर दुसरंच ठिकाण दाखवतंय, ताई."

"मले काय मालूम बाई," असं म्हणून तिनं फोन ठेवला. सूप मांडीवर तसंच राहिलं. दुसरंच ठिकाण म्हणजे काय दाखवतंय? किती नीट दाखवतंय?

उत्तर तिला घटकाभरात मिळालं. पिंटू दोघांना घेऊन दारात आला, लांबूनच बोलला, आणि तिची रवानगी शाळेत केली. बाहेरून येणाऱ्यांना वेगळं ठेवायला शाळाच घेतली होती. चौथीच्या वर्गात तिनं सतरंजी टाकली. पाठीमागं तिची स्वतःची चूल होती, कुलपात. ती टेकते न टेकते तोच गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पिंटूचा निरोप आला. तो तिनं अक्षर अक्षर लावत वाचला.

'सर्वांना कळविण्यात येते की कोकिळाकाकू यवतमाळ येथे आर्ट सेंटरमध्ये पॉझिटिव्ह व्यक्ती लखीराम (तांडा) यांच्या संपर्कात आल्या आहेत. त्यांना शाळेत ठेवण्यात आले आहे. घाबरू नये.'

खाली ॲपच्या पडद्याचा फोटो होता. त्यात तिचं नाव, तिचा नंबर, नारिंगी ठिपका, आणि ठिकाणाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरं होती. ए, आर, टी. पुढं सेंटर.

ए.आर.टी. म्हणजे त्या आजाराच्या गोळ्यांचं केंद्र. बाकावरचा प्रत्येक जण ही तीन अक्षरं ओळखायचा. नकाशावर कोणीतरी कधीतरी त्या खोलीला तिचं खरं नाव देऊन ठेवलं होतं, ॲपनं ते आपसूक उचललं होतं, आणि पिंटूनं त्याचं आर्ट केलं होतं.

गटावर उत्तरं येऊ लागली.

'आर्ट म्हणजे चित्रकला ना बे?'

'काकू चित्रं काढाले गेलत्या काय?'

'आता शाळेत खिचडीसंगं ड्रॉइंगबी शिकवतील.'

हसणारी तोंडं एकाखाली एक पडत होती. कोकिळा भिंतीला पाठ लावून बघत राहिली. हसताहेत तोवर बरं. यातल्या एकानं, फक्त एकानं ती अक्षरं फोनमध्ये टाकून शोधली की संपलं.

थोड्याच वेळात समीक्षा डबा घेऊन फाटकाशी आली. भाकरीच्या खाली, कापसात गुंडाळून, गोळ्या होत्या. कापूस यासाठी की त्या खुळखुळू नयेत. फाटकावर पिंटूच होता. हातमोजे घालून त्यानं डब्यावर फवारा मारला, झाकण उघडलं.

"गोळ्या हायेत काय काकूच्या? नाव सांग, ॲपमध्ये जुना आजार अन् चालू औषध टाका लागते."

"शुगर लिही," समीक्षा म्हणाली.

"गोळीचं नाव?"

"शुगरची गोळी, आणखी काय! भाकर थंडी होऊन राह्यली, दे ना नेऊन."

पिंटूनं झाकण लावलं. समीक्षा खिडकीखाली आली.

"आई, गटावरचं थे पुसता येते, पण ज्यानं टाकलं त्यालेच. तेबी तासाभराच्या आत. मी सांगू काय पिंटूले?"

कोकिळेनं मान हलवली. "पुस म्हटलं की काहून, असं इचारल तो. काय सांगशील?"

तो तास असाच गेला. खिडकीच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला लेक, आणि फाटकापाशी खुर्ची टाकून फोनमध्ये बोट फिरवत बसलेला पिंटू. तो काय बघतो आहे, हे दोघींनाही दिसत नव्हतं. तास सरला तशी समीक्षा घरी गेली.

कोकिळेनं निशिगंधा मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"कोकिळाताई, कायदा आहे. तुमचा आजार असा बाहेर काढायचा कोणालाही अधिकार नाही. तक्रार करता येते."

"तक्रारीत काय लिहू मॅडम? काय बाहेर काढलं म्हणून लिहू?"

पलीकडं मॅडमनी कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुमचं नाव न घेता मी माझ्याकडून लिहिते. ठिकाणाचं नाव काढायला लावते. पण ताई, वेळ लागेल."

वेळच तर नव्हता.

दुसऱ्या दिवशी गटाचा नूर बदलला. लखीरामच्या तांड्यावरही हेच ॲप होतं. तिकडच्या कोणीतरी नकाशाचाच फोटो काढून फिरवला होता आणि तो फिरत फिरत टाकळीत आला. त्यात दोन ठिपके होते, एक लखीरामचा, एक कोकिळेचा, एकमेकांना चिकटलेले. खाली किती वेळ ते तसे होते, तेही लिहिलेलं. आता कोणी चित्रकलेवर हसत नव्हतं. गटावर कोणी काही लिहीतही नव्हतं. शाळेवरून जाणाऱ्या बाया मात्र खिडकीकडं बघायच्या आणि पदर तोंडाला लावून एकमेकींशी बोलत पुढं जायच्या. एकीचं बोलणं मुद्दाम ऐकू येईल असं होतं.

"दर महिन्याले जात होती बाई. शुगर म्हणे!"

विधवा बाई, परगावचा माणूस, दवाखान्याच्या नावाखाली आर्ट सेंटर नावाचं काहीतरी. गावानं त्याची गोष्ट जुळवून टाकली होती. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असंही क्षणभर कोकिळेच्या मनात येऊन गेलं. आणि त्याच वेळी, खोल कुठंतरी, तिला हायसंही वाटलं होतं. या गोष्टीत ती तीन अक्षरं नव्हती. त्या हायसं वाटण्याचीच तिला जास्त लाज वाटली.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, जाडसर.

"कोकिळा का वं? मी मानीबाई. लखीरामची."

"बाई, तुमी जसं समजून राह्यल्या तसं काई नाई—"

"मले मालूम हाये काय हाये अन् काय नाई. मीबी त्याच गोळ्या खातो. ऐक माहं." मानीबाईचा आवाज खाली आला. "मालक दारव्ह्यात सेंटरवर हायेत. ताप हाये, पण बोलतात. इथं तांड्यावर साऱ्यायनं धरलं की माह्या मालकानं टाकळीत बाई ठेवली. जाऊ मले येऊन सांगून गेली. मी रडली खोटंखोटं."

"काहून?"

"म्हणू दे ना! बाई ठेवली म्हणतील, चार दिवस बोलतील, जातपंचायत इचारल, भागून जाईल. पण थे दुसरं कळलं तर माह्या नातवाच्या ताटाले कोणी हात नाई लावणार. हात जोडतो बाई. तुले कोणी इचारलं तर गप राह्यजो. नाई म्हणू नको."

"अन् माही पोरगी? तिचं लगन?"

मानीबाई म्हणाली, "थे बी खरं हाये," आणि फोन बंद झाला.

समीक्षासाठी मारेगावचं एक स्थळ बोलणीत होतं. कोकिळा अंधार पडेपर्यंत बसून राहिली. आपलं नाव आपण गमावलं तर पोरीचं जातं. नाव वाचवायला खरं बोललं तर पोरीचं, आपलं, लखीरामचं, मानीबाईचं, तिच्या नातवाचं, सगळ्यांचंच जातं. विचार करकरून तिच्या डोक्याचा भुगा झाला. गोळी मात्र तिनं वेळेवर घेतली. आजवर ती कधी चुकवली नव्हती.

रविवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बसली. निंबाखाली लांब लांब अंतरावर खुर्च्या मांडलेल्या, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. अध्यक्ष विमलताई. बाई कडक, पण मनाची काळी नव्हती. शाळेच्या तांदळात एक खडा निघाला तरी दुकानदाराच्या दारात जाऊन उभी राहणारी. कोकिळेला खिडकीतूनच बोलायचं होतं. पिंटू समितीचा नव्हता, पण ॲप त्याच्याकडं म्हणून त्यालाही बोलावलं होतं. तो एका बाजूला उभा होता. कोकिळेनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं नजर खाली घातली. तो नेहमी 'काकू, जेवल्या का' म्हणायचा. आज काही बोलला नाही. कान लाल झाले होते त्याचे.

याला कळलं आहे. यानं शोधलं आहे.

"कोकिळा, सरळच इचारून राह्यली," विमलताई म्हणाल्या. "लेकरायच्या अन्नाचं काम हाये. गावात नाई नाई थे बोलून राह्यले. त्या माणसासंगं तू तिथं काय करत होती? एकदा सांगून टाक, विषय संपते."

कोकिळेनं खिडकीचा गज धरला.

"मी दवाखान्यात गेलती. गोळ्या आणाले. बाकावर जागा होती तिथं बसली. बाजूले कोण होतं थे त्या फोननं सांगतलं तुमाले, मी नाई."

"पण थे आर्ट सेंटर का काय—"

"थे मी नाई सांगत."

"काहून नाई सांगत?"

"माह्या जिवाचं हाये म्हणून. विमलताई, धाकट्याच्या वक्ती तुमाले तरास झाला, तुमी किती खेपा अमरावतीले गेल्या. कोणत्या डॉक्टरणीकडे, कायच्यासाठी, म्या कधी इचारलं काय? तुमच्या घरी येऊन भाकरी थापून गेली. इचारलं का?"

विमलताईंचा हात नकळत पदराशी गेला. त्या काही बोलणार, एवढ्यात मागून एक जण म्हणाला, "ते वेगळं होतं. हा साऱ्या गावाच्या तब्येतीचा प्रश्न हाये. लपवून कसं चालल?"

कोकिळा ठरवून काही बोलायला आली नव्हती. पण शब्द निघाले ते थांबले नाहीत.

"मंग साऱ्या गावाचंच पाहू ना. पिंटू, काढ रे तुह्या फोनवर. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी कोणता फोन कुठं होता, कोणाच्या बाजूले किती वेळ होता, सारं दिसते ना त्यात? वाच मोठ्यानं. माह्यापासून सुरू कर. मंग विमलताईच्या घरचं वाच. मंग या दादाचं. कोणाचंच सोडू नको."

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी नाल्याकडच्या एका शेतातल्या खोपटात पत्त्यांचा डाव बसला होता. जमावबंदी होती, दारूही होती. हे बायांना माहीत होतं, पण कोणी बोलत नव्हतं. आता खुर्च्यांवरचे गडी एकमेकांकडं न बघता पायाच्या अंगठ्याकडं बघू लागले. विमलताईंचा मालक जोरात खोकला आणि खोकल्यानं सगळे दचकले म्हणून आणखीच ओशाळला.

सगळ्यांची तोंडं पिंटूकडं वळली. त्यानं फोन काढला. कोकिळेला तेव्हा उमगलं. आपणच म्हटलं, माझ्यापासून सुरू कर. यानं ती तीन अक्षरं नीट वाचली तर? पिंटूनं पडद्यावर बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं.

"नाई दाखवत," तो शेवटी म्हणाला. "सर्व्हर बंद हाये."

"थांबून पाय जरा," कोणीतरी पुटपुटलं, पण त्यात जोर नव्हता.

"बंदच हाये. अन् ठिकाण बी चुकते त्या ॲपचं. माह्या दुकानाचं नाव थे गिरणी दाखवते." पिंटूनं फोन खिशात घातला.

विमलताईंनी एकदा आपल्या मालकाकडं बघितलं, एकदा खिडकीकडं. "कोकिळा, तुही तपासणी साफ निघाली की कामावर येजो. चला, पुढचा विषय घ्या."

संध्याकाळचा डबा पिंटूनं स्वतः खिडकीशी आणून ठेवला, आणि तो गेला नाही.

"काकू. परवा रातीच पाह्यलं म्या. थे आर्ट नाई."

"मंग?"

"माहा पुतण्या तुमच्या हातचं—"

"काई होत नाई. तुह्या पुतण्याले काई होत नाई, तू बी पाचवीपर्यंत माह्याच हातचं खाल्लं. खाऊन, शिवून, बाजूले बसून होत नाई थे."

"मालूम हाये. तेबी वाचलं." त्यानं फाटकाकडं एकदा बघून घेतलं. "काकू, त्या ॲपचा पासवर्ड साऱ्या गावायले एकच दिला होता. कोणाचंबी दिसते. त्या खोलीवर बोट ठेवलं तर कोण कोण येऊन गेलं, साऱ्यायची नावं खाली येत होती. कळंबचे, मारेगावचे, आपल्या इकडचे. फोन नंबरासकट."

कोकिळा खिडकीपासून मागं सरली. बाकावरचे सगळे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले. तोंडावर ओढणी घेऊन बसणारी ती नवी नवरी, नोटबुकात तोंड खुपसून अभ्यास करणारा कॉलेजचा पोरगा.

"किती जणायची वाचली तू?"

"बंद केलं म्या लगेच."

तिनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. खरं बोलतोय की नाही, हे तिला कळलं नाही, आणि पुढंही कधी कळलं नाही. "कोणाले सांगतलं?"

"नाई. आईची शपथ."

शपथेवर विसंबण्याशिवाय तिच्या हाती काही उरलं नव्हतं. एवढी वर्षं जे तिनं एकटीनं मुठीत धरून ठेवलं होतं, ते आता दुसऱ्याच्या तोंडात होतं. त्याचं लग्न होईल, भांडणं होतील, कधीतरी तो दोस्तांत बसून जास्त पिईल. प्रत्येक वेळी तिला याच्या शपथेवर जगावं लागणार होतं.

सोमवारी पिंटू तालुक्याला गेला. पासवर्डाची गोष्ट त्यानं तिथल्या साहेबाच्या कानावर घातली. 'तुला कोणी विचारलं?' म्हणून आधी त्यालाच झापलं गेलं. पण निशिगंधा मॅडमचं पत्रही तिथं पोचलेलं होतं. आठवड्यानंतर त्या जागेवर नुसतं 'दवाखाना' दिसू लागलं आणि गावांचे पासवर्ड वेगवेगळे झाले. चूक झाली, असं कोणी कोणाला म्हटलं नाही. पुढं कंपनीनं ॲपच बंद केलं. आधीचं सगळं गोळा केलेलं कुठं गेलं, हे पिंटूनं त्यांच्या नंबरावर विचारून बघितलं. तो नंबर लागत नव्हता.

कोकिळेची तपासणी साफ निघाली. ती कामावर परतली, तांदूळ मोजू लागली. विमलताई पहिल्या दिवशी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पण बोलल्या मोजकंच. मारेगावचं स्थळ मात्र हळूहळू मुकं झालं. त्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त फोन उचलणं सोडलं. "जाऊ दे आई," समीक्षा म्हणाली आणि चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, असं कोकिळेनं मानून घेतलं.

यवतमाळच्या बाकावर आता बरीच जागा रिकामी असायची. निशिगंधा मॅडम फोन करकरून थकल्या होत्या. लोक गोळ्यांना येत नव्हते. लखीराम कोरोनातून वाचला, पण तोही आला नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या मोठ्या बाजाराला कोकिळा बोरी अरबला गेली. टाकळीच्या बाया होत्याच आजूबाजूला. कांद्याच्या ढिगापाशी ती वाकली असताना एक उंच बाई तिच्यासमोर येऊन थांबली. अंगावर फेटिया-काचळीचा बंजारा घागरा-चोळी पेहराव, कोपरापर्यंत बलोया बांगड्या. केस निम्मे पिकलेले.

"तूच कोकिळा."

आवाजावरून कोकिळेनं ओळखलं. टाकळीच्या दोन बाया पिशव्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आता केस धरते की झिंज्या उपटते, हेच सगळे बघत होते.

मानीबाई तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि कांदे चाचपू लागली.

"मालकानं गोळ्या सोडल्या होत्या," ती कांद्यांकडंच बघत हळू म्हणाली. "फोन सांगते म्हणे सारं. लई वाळले. मंग म्याच जाऊ लागली दोघायच्या गोळ्या आणाले. फोन घरीच ठेवतो. आता जेवतात बरे."

"आन् तांड्यावर?"

"बोलतात. तुह्या इथं?"

"बोलतात," कोकिळा म्हणाली. "पोरीचं मोडलं."

मानीबाईचा हात कांद्यावर थांबला. मग तिनं दोन्ही हातांनी कांदे उचलून तराजूत टाकले आणि कांदेवाल्याला म्हणाली, साऱ्या ओळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "नीट तोल रे! ई मारी भेन छ. तिच्या पिशवीत सडका गेला तर मी इथंच उभी हावो."

कांदेवाला गोंधळून दोघींकडं बघू लागला. टाकळीच्या बायांपैकी एकीच्या हातातली पिशवी खाली टेकली. नवऱ्याच्या ठेवलेल्या बाईला कोण बहीण म्हणते? आणि ठेवलेली नसेल तर मग कोण? त्यांच्या जुळवलेल्या गोष्टीत हे कुठंच बसत नव्हतं.

मानीबाईनं कोकिळेची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि दुसरा हात तिच्या दंडाला धरला.

"पाहून राह्यले ना सारे?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"हौ."

"मंग हळू चाल. त्या कापडाच्या ओळीतूनबी एक चक्कर मारू."